जमलं तर येईन

माझे पाय अजून ओसाकातच आहेत. बाकीची मी टोकियोला परत आले, त्याला वर्ष होऊन गेलं. पण सरकत्या जिन्यावर पाऊल टाकलं की पाय आपोआप उजव्या कडेला जाऊन उभे राहतात आणि मागून कोणीतरी घसा खाकरतं. टोकियोत डावीकडे उभं राहायचं आणि उजवी बाजू घाईवाल्यांना सोडायची. ओसाकात बरोबर उलटं. मी मान झुकवून माफी मागते आणि मनात म्हणते, अरे मेल्या, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी इथली आहे! ओसाकात असं घसा खाकरणं वगैरे नसतं. तिथे सरळ म्हणतात, "ओ ताई, जिना विकत घेतलाय का?"

हे मला खरंच ऐकवलं गेलंय, तिथे पोचले त्याच दिवशी. आमचे हे कागदाच्या कंपनीत होते, त्यांची बदली झाली आणि जन्मात टोकियोबाहेर न राहिलेली मी दोन बॅगा घेऊन ओसाकाच्या स्टेशनात चुकीच्या कडेला उभी राहिले. मागचा माणूस तसं बोलला आणि आजूबाजूचे सगळे हसले. मी लाजेने लालबुंद. ह्यांना म्हटलं, "मी इथे टिकणार नाही. सांगून ठेवते." हे म्हणाले, "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे." दोन-तीनची बारा झाली.

नव्या घरात गेलं की शेजाऱ्यांना सोबाच्या शेवया वाटायच्या, ही आमची टोकियोची रीत. तशी मी पुडकी घेऊन निघाले. आमच्या इमारतीत तळमजल्यावर बायकांचे केस कुरळे करून द्यायचं दुकान होतं. ते चालवायची हिसाए. माझ्याहून चार वर्षांनी मोठी, केस जांभळे, आणि स्वेटरवर हा एवढा वाघाचा चेहरा. तिने पुडकं उलटसुलट करून पाहिलं.

"सोबा?" ती म्हणाली. "आम्ही जाड उडोन खाणारी माणसं, बाई. हे एवढं बारीक कोण खाणार? कोणी आजारी आहे का आमच्याकडे?"

मला कळेना हसायचं की परत घ्यायचं. तेवढ्यात तिने ॲप्रनच्या खिशात हात घालून एक चघळायची गोड गोळी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "घे, गोळीताई घे. चेहरा किती पडलाय तुझा." ओसाकाच्या बायका गोळीला नुसती गोळी म्हणत नाहीत, गोळीताई म्हणतात, आणि पर्समध्ये पैसे नसले तरी गोळ्या असतात. मी ती घरी आणून फ्रिजवर ठेवली. अनोळखी माणसाकडून घेऊन लगेच तोंडात टाकायची सवय नव्हती मला.

हिसाएने मला नाव ठेवलं "टोकियो". चिझुको हे माझं खरं नाव तिने कितीतरी वर्षं उच्चारलं नाही. "काय गं टोकियो, आज नाक एवढं का वर?" असं ती भर दुकानात, चार बायकांच्या देखत विचारायची. पहिल्यांदा मला "आहो" म्हणाली तेव्हा मी रडत वर आले. ओसाकात "आहो" म्हणजे येडी. मी ह्यांना सांगितलं, बाई मला येडी म्हणाली. हे म्हणाले, "अगं, इथे तो लाडाचा शब्द आहे. ऑफिसात साहेबसुद्धा मला आहो म्हणतात." खरंच होतं ते. हिसाए तिच्या नवऱ्याला, कान्जीला, दिवसभर "आहो" म्हणूनच हाक मारायची आणि तो बिचारा ओ द्यायचा. तो पडदे शिवायचा, दुकानाच्याच मागच्या खोलीत.

माझं बोलणं तर तिला अळणी लागायचं. मी आपली सांगतेय की लोणच्याचं दुकान बंद होतं, मग मी पुढच्या गल्लीत गेले, तिथून आणलं. ती हातातला कंगवा थांबवून वाट बघायची.

"मग?"

"मग काय, आणलं."

"आणि गंमत कुठे आहे?"

"गंमत नाहीये. झालं ते सांगतेय."

"अगं टोकियो, गंमत नव्हती तर सांगितलंस कशाला? या बाईंचे केस वाळून गेले तोवर!"

आणि खुर्चीतल्या निशिवाकीबाई डोक्याला रोलर लावलेल्या अवस्थेत मान हलवायच्या, म्हणजे खरंच, गंमत हवी होती. मी घरी येऊन आरशासमोर तीच लोणच्याची हकीकत पुन्हा सांगून बघायचे, शेवटी काहीतरी जोडून. हे मला वेड लागलं म्हणायचे.

त्या शरद ऋतूत मी ठरवलं, हिसाएला नीट जेवायला बोलवायचं. आपण टोकियोची माणसं, नुसतं दारात उभं राहून संबंध ठेवत नाही, हे तिला दाखवायचं होतं. "रविवारी संध्याकाळी आमच्याकडे ये," मी म्हटलं.

"रविवारी? अरे वा!" ती म्हणाली. "जमलं तर येईन."

मी चांगलं मांस आणलं. सुकियाकी केली, आमच्या पद्धतीने, दाट रश्शात. मधोमध शेगडी, बाजूला भाज्या मांडल्या, तिच्या जागी नव्या चॉपस्टिक ठेवल्या. आणि वाट बघत बसले. हे मधून मधून झाकण उचलून बघायचे आणि मी हातावर चापट मारायचे. रस्सा आटला, पुन्हा पाणी घातलं, पुन्हा आटला. शेवटी हे म्हणाले, "पडली-बिडली नसेल ना?" मी घाबरून चपला उलट्या पायात घालून खाली धावले.

दुकानात दिवा चालू. हिसाए आणि कान्जी टीव्हीवर बेसबॉल बघत, कोबीचं जाड ओकोनोमियाकी भाताबरोबर खात बसलेले. धिरड्याबरोबर भात, तेही तिथेच बघावं! मला बघून ती म्हणाली, "ये ये, जेवलीस का?"

बस. मला रडूच फुटलं.

"तू येणार होतीस!"

"मी? कधी म्हटलं?"

"जमलं तर येईन म्हणालीस!"

"हो, मग?" ती खरंच गोंधळली होती. "म्हणजे नाहीच ना गं!"

"मग नाही म्हणायचं!"

"तोंडावर नाही म्हणू? एवढ्या प्रेमाने बोलावणाऱ्या माणसाला? आम्ही काय जनावरं आहोत?"

कान्जीने कपाळावर हात मारला. "अगं, ती टोकियोची आहे. तिकडे जमलं तर म्हणजे जमलं तरच."

हिसाए माझ्याकडे बघत राहिली. मग भाताचा वाडगा हातात घेऊन तशीच जिना चढून वर आली आणि आटलेली, खारट सुकियाकी पोटभर जेवली. रस्सा किती काळा, ही रीत का शिक्षा, टोकियोची माणसं शाई पितात का, असं बोलत बोलत तिने भांडं पुसून काढलं. निघताना दारात म्हणाली, "तुझ्याशी बोलताना सांभाळून बोलायला पाहिजे. तुला शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच लागतो." माझी तिथली पहिली खरी मैत्रीण मला त्या दिवशी मिळाली.

पुढे मी शिकले. इमारतीच्या बैठकीला, ह्यांच्या साहेबांच्या बायकोच्या फुलं मांडायच्या वर्गाला, सगळीकडे मी "जमलं तर येईन" म्हणायला लागले आणि आरामात घरी बसले. कोणी ब्लाउजचं कौतुक केलं तर "छे, जुनाच आहे" म्हणायच्या ऐवजी "ओळखा बरं केवढ्याला मिळाला!" म्हणायला शिकले. माझ्याही पर्समध्ये गोळ्या आल्या. लोणच्याच्या हकीकतीला शेवट आला. एकदा मी काहीतरी सांगितलं आणि निशिवाकीबाई इतक्या हसल्या की एक रोलर सुटून आरशावर आपटला. हिसाए माझ्याकडे आईसारखी बघत म्हणाली, "चला, माणसात आली एकदाची."

तिच्याकडे तिच्या आईचं बिडाचं ताकोयाकीचं पात्र होतं, खळग्याखळग्यांचं, झिजून काळं कुळकुळीत झालेलं. रविवारी दुकान बंद झालं की ते शेगडीवर चढायचं. पीठ ओतायचं, अष्टपादाचे, म्हणजे ऑक्टोपसचे, तुकडे टाकायचे आणि टोचणीने गोळे फिरवायचे. माझे गोळे सुरुवातीला फाटायचे. "हे काय, अपघात झालाय याला," असं म्हणत ती माझेच फाटके गोळे आपल्या ताटात घ्यायची.

मग टोकियोत सासूबाई पडल्या. कमरेचं हाड मोडलं. ह्यांची निवृत्तीही जवळच आलेली. परत जायचं ठरलं.

मी खाली जाऊन सांगितलं तेव्हा ती निशिवाकीबाईंचे केस गुंडाळत होती. मला वाटलं होतं, ती ओरडेल. शिव्या देईल. "आहो, जा आणि शाई पी" म्हणेल. ती म्हणाली, "हो का? बरं झालं. तिकडे तुमची सोबा चांगली मिळते." आणि पुढचा रोलर उचलला.

त्यानंतर तिच्याकडे माझ्यासाठी वेळच नव्हता. मी गेले की खुर्चीत कोणीतरी असायचं. रविवारी दुकानाची काच आतून झाकलेली. कहर म्हणजे एके दिवशी तिने मला, परक्या बाईला म्हणावं तसं, "चिझुको-सान" म्हटलं. बारा वर्षांनी! मलाही राग आला. मी काय मजेला चालले होते? आणि राग आला तरी मन तिकडेच. मला फक्त एवढंच हवं होतं की तिने स्टेशनवर यावं. फलाटावर उभं राहून मला चार लोकांत येडी म्हणावं. त्याखेरीज मला ओसाकाकडून काही नको होतं.

हे सासूबाईंसाठी पुढे गेले होते. मी सामान बांधून मागून जाणार होते. आदल्या संध्याकाळी खाली गेले. ती पाठमोरी, कंगवे धूत होती.

"उद्या दुपारची गाडी आहे. शिन-ओसाकाहून." डबाही सांगितला. मग मानपान सोडून मी विचारलं, "येशील?"

नळ चालूच होता. "जमलं तर येईन," ती म्हणाली.

बारा वर्षं राहिले होते मी तिथे. मला ते समजावून सांगायची गरज नव्हती.

सकाळी हमाल सामान घेऊन गेले. मी खाली उतरले तर दुकानाचं शटर ओढलेलं. कामाच्या दिवशी ते शटर मी कधी बंद पाहिलं नव्हतं. म्हणजे माझं तोंडही नको, मी म्हटलं. मी टॅक्सी केली, स्टेशनवर गेले, आणि खिडकीवर तिकीट बदलून आधीच्या गाडीचं घेतलं. ती येणार नाही हे माहीत असताना फलाटावर दुपारपर्यंत जिन्याकडे बघत बसायचं? रस्सा आटेपर्यंत मी एकदा वाट बघितली होती. पुन्हा ते ताट मांडायची माझ्यात हिंमत नव्हती. गाडी सुटली तेव्हा मी मुद्दाम पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होते.

टोकियोत आल्यावर मी रीतीप्रमाणे तिला मिठाई पाठवली. तिचा फोन आला.

"आपण पाठवलेली मिठाई मिळाली. फार आभारी आहे. आपल्या सासूबाईंची तब्येत कशी आहे?"

आपण! मी म्हटलं, "बरी आहे. आपल्याकडे सगळे ठीक?" दोघी बँकेतल्या खिडकीवर बोलावं तशा बोललो आणि फोन ठेवला. मी सोडून आले म्हणून ती रुसली, असंच मी धरून चालले. मीही मग फोन केला नाही. दोघींपैकी कोणीच केला नाही.

आणि इथे, माझ्याच गावात, मला काही धड जमेना. बसमध्ये रडणाऱ्या पोराला गोळी दिली तर त्याच्या आईने वाकून आभार मानले आणि गोळी कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. सासूबाईंना व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला मी लोणच्याची हकीकत सांगितली, शेवटासकट. ती म्हणाली, "असं होय. त्रास झाला असेल." उडोन मागवली तर रस्सा काळा. मलाच शाई आठवली. सासूबाई परवा म्हणाल्या, "सूनबाई, तू कोणाशी भांडतेयस का?" म्हटलं, "नाही हो आई, नुसती बोलतेय."

गेल्या आठवड्यात निशिवाकीबाई आल्या. त्यांची मुलगी इथे असते. आम्ही उएनोला चहाच्या दुकानात भेटलो. मी त्यांना भेटायला धावतच गेले, पण त्या जरा आखडूनच बसल्या होत्या. चहा अर्धा झाल्यावर म्हणाल्या, "चिझुको-सान, विचारू नये, पण तुम्ही त्या दिवशी असं का केलंत?"

"कुठल्या दिवशी?"

"गेलात त्या दिवशी. हिसाए फलाटावर उभी होती ना!"

मी कप खाली ठेवला.

"ती येणार नव्हती," मी म्हटलं. "जमलं तर येईन म्हणाली होती."

"हो, कारण सकाळी कान्जीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ते वेळेत आटपलं तर येणार होती. तिथून धावत माझ्या घरी आली आणि मला म्हणाली, आज तू माझे केस कर. मी कसले करणार? वाकडेतिकडे केले. काळा कोट घातला. मी म्हटलं, वाघाचा स्वेटर का नाही? तर म्हणाली, वाघ टोकियोला चालायचा नाही, ह्या वेळी तिची लाज राखते." निशिवाकीबाई हसायला गेल्या आणि थांबल्या. "हातात बोचकं होतं. आईचं ताकोयाकीचं पात्र. तिकडे घरोघरी नसतं म्हणे, तुमचे हाल होतील म्हणून. मी होते तिच्याबरोबर. तुम्ही सांगितलेल्या डब्यापाशी उभ्या होतो. गाडी आली, गेली. तिला वाटलं तुम्हाला उशीर झाला. पुढच्याही गाड्या बघितल्या. ते बिडाचं ओझं खाली ठेवू का विचारलं तर देईना."

मी एवढंच विचारलं, "मग काय म्हणाली?"

"परत येताना जिन्यावर म्हणाली, मी तिच्याच बोलीत सांगितलं होतं गं. तिला शब्दाचा अर्थ शब्दाइतकाच लागतो."

चहाच्या दुकानात टोकियोची माणसं हळू आवाजात बोलत होती. मी मोठ्याने रडले. सगळ्यांनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं. निशिवाकीबाईंनी पर्समध्ये हात घालून माझ्यासमोर एक गोळी ठेवली.

त्याच संध्याकाळी मी फोन लावला. मागे केस वाळवायच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती.

"हिसाए, मी आहो आहे," मी म्हटलं. "शंभर टक्के येडी. मला वाटलं तू नाही म्हणालीस. मी आधीच्या गाडीने गेले गं."

घरघर बंद झाली.

"मग?" ती म्हणाली.

"मग काय? एवढंच."

"आणि यात गंमत कुठे आहे?"

"नाहीये," मी म्हटलं. "शोधली मी. नाहीये."

"हं." तिने नाक ओढलं, सर्दी असावी किंवा नसावी. "बारा वर्षं शिकवलं मी तुला. नेमकं त्याच दिवशी शिकलेलं वापरायचं होतं?"

"तूही माझ्याकडून नेमकं त्याच दिवशी शिकायचं होतंस?"

मागे कान्जी कोणाचा फोन म्हणून विचारत होता, ती त्याला "गप बस, आहो" म्हणाली. मला इतकं बरं वाटलं ते ऐकून की मी घाईघाईने बोलून टाकलं, "येत्या रविवारी ये माझ्याकडे. पात्र घेऊन ये. पीठ मी भिजवून ठेवते, अष्टपाद आणून ठेवते. येशील?"

"जमलं तर येईन," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आज रविवार. सकाळपासून मी कामाला लागलेय. अष्टपाद उकडून तुकडे केले, कांद्याची पात चिरली, पीठ पातळ भिजवलं, तिला आवडतं तसं. सासूबाई विचारतात, कोण येणार आहे? हे मधून मधून झाकण उचलून बघतात. मघाशी म्हणाले, "नक्की येणार आहे का ती?"

"ती कुठल्या गावचं बोलली, त्यावर आहे," मी म्हटलं.

हे म्हणाले, मग पुन्हा फोन करून विचार ना. नाही विचारणार. मी टेबलावर चार ताटं मांडलीत आणि दार नुसतं लोटून ठेवलंय. घरात खळग्यांचं पात्र नाही, आणि त्याच्याशिवाय एवढ्या पिठाचं काही करता येत नाही.